बादशहाला ‘नाही’ म्हणणाऱ्याचा पगार कोण देतं?

प्रिय विद्यार्थिनी, आणि तिचे बाबा,

एकाच पाकिटात दोन हस्ताक्षरं आली, म्हणून उत्तरही दोघांना एकत्रच देते. नाव छापू नका असं लिहिलंय, छापत नाही. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात प्लेटोपासून मार्क्सपर्यंत शिकली. मग इब्न खल्दून या चौदाव्या शतकातल्या अरब विचारवंतावरचं एक व्याख्यान तिनं ऐकलं, चीनमधल्या ‘स्वर्गाच्या आदेशा’बद्दल वाचलं, आणि तिला वाटलं, राजघराणी उगवतात, सुस्तावतात, बुडतात हे चक्र दोन्हीकडे जवळपास सारखंच सांगितलंय. आता तिला एम.ए. आणि पुढे पीएच.डी. ‘इस्लामी राजकीय विचार आणि चिनी शासनपरंपरा : एक तुलनात्मक अभ्यास’ या विषयावर करायची आहे. अरबी शिकू, फारसी की चिनी, प्रवेश कुठे घेऊ आणि ‘स्कोप’ आहे का, असे तिचे प्रश्न. खाली वडिलांच्या चार ओळी आहेत. ते तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहेत. मुलीनं एमपीएससी करावी, या विषयानं पोट भरायचं नाही, आणि ‘इस्लामचा अभ्यास करते म्हटल्यावर पाहुणे नाना प्रश्न विचारतात’, असं त्यांचं म्हणणं.

आधी मुलीशी बोलते. तुझं शीर्षक कुठलाही मार्गदर्शक पहिल्याच भेटीत खोडणार आहे, तेव्हा मनाची तयारी ठेव. एका बाजूला मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेली चौदाशे वर्षं, दुसऱ्या बाजूला तीन हजार वर्षांचा चीन. एवढं मोठं मापलं की शेवटी ‘दोन्हीकडे न्यायाला महत्त्व होतं’ असली वाक्यं हाती लागतात. तुला परंपरा दोन चालतील, पण प्रश्न एकच हवा, आणि तो टोचणारा हवा.

तुझ्याच चक्राचं घे. इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मला. उत्तर आफ्रिका आणि अंदालुसियातल्या दरबारांत त्यानं नोकऱ्या केल्या, तुरुंगही पाहिला, आणि १३७७ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून ‘मुकद्दिमा’ लिहिली. त्याचं म्हणणं असं की वाळवंटातल्या नि डोंगरातल्या टोळ्यांत एकमेकांसाठी मरायची तयारी असते. तिला तो असबिय्या म्हणतो. त्या जोरावर टोळी शहर जिंकते आणि गादीवर बसते. मग सुख अंगाला लागतं, भाऊबंदांच्या जागी पगारी सैन्य येतं, खर्च भागवायला कर वाढतात, कर वाढले की लोकांचा उद्योगच आटतो, आणि तीन पिढ्यांत, म्हणजे साधारण १२० वर्षांत, घराणं आतून पोकळ होतं. वेशीवर दुसरी टोळी उभीच असते. राजा सज्जन की दुर्जन, हा मुद्दा या हिशेबात बराच मागे पडतो.

चीनच्या चक्रात नेमका तोच मुद्दा पुढे आहे. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात झोऊ घराण्यानं शांग घराणं उलथवलं आणि कारण दिलं की शांगांचा राजा दुराचारी झाला, म्हणून स्वर्गानं आपला आदेश काढून घेतला. पुढच्या घराण्यांनीही हीच भाषा वापरली. शिवाय गेलेल्या घराण्याचा अधिकृत इतिहास आलेलं घराणं लिहवून घ्यायचं. मिंग घराण्याचा इतिहास त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या दरबारात पुरा झाला, तो १७३९ मध्ये. आधीचे राजे नालायक ठरणं यात लिहिणाऱ्याची सोय होती. म्हणजे एकीकडे दरबारांना कंटाळलेला एक मुत्सद्दी आपला अनुभव मांडतोय, दुसरीकडे विजेत्याचं दफ्तर बोलतंय. चक्र सारखं दिसलं तरी ते कोण फिरवतंय हे विचारल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. तुझ्या पत्रात हा प्रश्न कुठेच नव्हता.

मी तुझ्या जागी असते तर एकच प्रश्न धरला असता. राज्यकर्ता चुकला तर त्याला ‘नाही’ कोण म्हणतं, आणि त्या माणसाचं पोट कशावर चालतं? दुसरा भाग तुझ्या बाबांना लगेच कळेल.

चीनमध्ये राजाला सुनावणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्यच मानलं होतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मेन्शियस या कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विचारवंताला एका राजानं विचारलं, शांगांच्या जुलमी राजाला मारलं तो राजवध नव्हता का? त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा की एका नीच माणसाला शिक्षा झाल्याचं ऐकलंय, राजवधाचं काही ऐकलेलं नाही. मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू याला हे इतकं झोंबलं की १३९४ मध्ये त्यानं मेन्शियसच्या ग्रंथातले ऐंशीहून जास्त उतारे काढायला लावले. ग्रंथ मात्र परीक्षेला राहिला. कारभारावर देखरेख ठेवणारं, वेळ पडली तर बादशहालाही खडसावणारं स्वतंत्र खातं होतं. आणि हाय रुईसारखी माणसं होती. १५६६ मध्ये या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यानं ज्याजिंग बादशहाला अर्ज लिहिला की आपण राज्य वाऱ्यावर सोडून अमरत्वाच्या औषधांमागे लागला आहात. अर्ज देण्याआधी त्यानं स्वतःसाठी शवपेटी आणून ठेवली. बादशहानं त्याला तुरुंगात टाकलं. पुढे बादशहाच मेला, म्हणून हा वाचला. त्याच्यावरच्या एका नाटकावर १९६५ साली झालेल्या टीकेतून चीनच्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली, इतका हा माणूस चारशे वर्षांनीही खुपत होता.

पण हाय रुई कोण होता? सरकारी परीक्षेतून आलेला, सरकारी वेतनावरचा माणूस. त्यानं काय वाचायचं तेही दरबारानं ठरवलेलं. जू शी या पंडिताच्या भाष्यासह कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चार ग्रंथ १३१३ च्या फर्मानानं परीक्षेला लावले होते, ते व्यवस्थेच्या शेवटापर्यंत टिकले. म्हणजे ‘नाही’ येतं ते कचेरीच्या आतून, बादशहाच्याच नोकराच्या तोंडून. बाहेरून म्हणायचा प्रयत्नही झाला. वुशी गावातलं तुंगलिन विद्यापीठ १६०४ मध्ये पुन्हा उघडलं, पदावरून गेलेले विद्वान तिथे जमून दरबारावर बोलू लागले. वेई जोंगश्येन या बलाढ्य खोजानं वीसेक वर्षांत ते मोडून टाकलं आणि तिथल्या माणसांना तुरुंगात मारलं. मेलेल्यांपैकी एकाचा मुलगा ह्वांग जोंगशी. त्यानं १६६३ च्या सुमारास लिहिलं की बरोबर-चूक ठरवायचा अधिकार एकट्या बादशहाचा नाही, ती जागा विद्यालयाची. बादशहानं महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून व्याख्यान ऐकावं, अशी त्याची सूचना होती. प्रबंधात एकच चिनी माणूस घ्यायचा झाला तर मी ह्वांग जोंगशी घेईन.

आता पश्चिमेकडे. ८३३ मध्ये बगदादचा खलिफा अल-मामून यानं काझींची आणि विद्वानांची चौकशी सुरू केली. कुराण हे ईश्वरानं निर्माण केलेलं आहे, अनादि नाही, हे मत त्यानं सक्तीचं केलं. बहुतेकांनी मान डोलावली. अहमद इब्न हनबलनं नकार दिला, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले, पण मत सोडलं नाही. पंधरा-वीस वर्षांत दरबारानंच माघार घेतली. धर्माचा अर्थ लावणं हे खलिफाचं काम की विद्वानांचं, या वादात त्यानंतर पारडं विद्वानांकडे झुकलं. हे विद्वान दरबाराचे नोकर असायलाच हवेत असं नव्हतं. अबू हनीफा रेशमी कापडाचा व्यापारी होता, आणि त्यानं काझीपद नाकारल्याचं परंपरा सांगते. पुढे वक्फची, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची दान दिलेली, मिळकत विद्वानांच्या कामी आली. एकदा वक्फ केलेली मिळकत कायद्यानं दात्यालाही परत घेता येत नाही, मग सुलतान बाजूलाच राहिला. मदरशाचा खर्च त्यातून निघायचा.

इथे ‘चिनी विद्वान सरकारी, इस्लामी विद्वान स्वतंत्र’ असा तक्ता करून मोकळी होऊ नकोस. सेल्जुक या तुर्क घराण्याचा वजीर निजाम-उल-मुल्क यानं बगदादला १०६७ मध्ये निजामिया मदरसा उघडला. मिळकत वक्फचीच, पण शिक्षक नेमणार वजीर. तिथला सर्वांत नावाजलेला शिक्षक अल-गझाली यानं १०९५ मध्ये ती जागा सोडली, आणि हेब्रॉनला इब्राहिमाच्या कबरीपाशी शपथ घेतली की सुलतानाच्या दरबारात जाणार नाही, सुलतानाचा पैसा घेणार नाही. दहाएक वर्षांनी एका वजिराच्या आग्रहावरून तो पुन्हा निशापूरच्या निजामियात शिकवायला बसलाच. उलट टोकाला ऑटोमन. तिथे उलेमांची, म्हणजे धर्मविद्वानांची, पगार, बढती, बदली असलेली पुरी उतरंड होती, आणि तरीही १६४८ मध्ये सुलतान इब्राहिमला गादीवरून खाली ओढताना शेख-उल-इस्लामचा, म्हणजे राज्यातल्या प्रमुख मुफ्तीचा, फतवा घेतला गेला. पगारी माणसानंच धन्याला पदच्युत करायचा कागद दिला! असे अपवाद जमव. प्रबंधाचा खरा माल त्यातच असतो.

आणि एक गोष्ट आपल्याकडची. अल्लाउद्दीन खलजीनं बयानाच्या काझी मुघीसला विचारलं, देवगिरीहून मी आणलेली संपत्ती माझी की सार्वजनिक खजिन्याची? आपल्या यादवांची ती लूट, १२९६ सालची. काझी म्हणाला, फौजेच्या बळावर मिळाली, तेव्हा ती खजिन्याची. आता मान उडणार असं समजूनच तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सुलतानानं त्याला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि हजार टंके, म्हणजे तेव्हाची नाणी, दिली, आणि सांगितलं की शास्त्राला धरून आहे की नाही हे मी जाणत नाही, राज्याच्या भल्याचं वाटेल तो हुकूम मी देतो. झियाउद्दीन बरनी या इतिहासकारानं हे फारसीत लिहून ठेवलंय. काझीला शाबासकी मिळाली आणि संपत्तीही सुलतानाकडेच राहिली. हाय रुईशेजारी हा प्रसंग ठेवून तू वीस पानं सहज लिहू शकशील.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला जास्त आवडते. तुलना तू करायच्या आधी ती प्रत्यक्षात जगलेली माणसं आहेत. बुखाऱ्याचा सय्यद अजल शम्सुद्दीन १२७४ मध्ये चीनचा मंगोल बादशहा कुब्लाई खान याचा युन्नान प्रांताचा सुभेदार झाला. त्यानं मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही. १५१६ मध्ये इस्तंबूलला अली अकबर खिताई यानं फारसीत चीनचं वर्णन लिहिलं. तिथला कायदा, कचेऱ्या, तुरुंग, सैन्य कसं चालतं हे त्यानं ऑटोमन दरबारापुढे मांडलं. आणि १७१० च्या सुमारास नानजिंगच्या लिऊ झी या मुसलमान पंडितानं इस्लामचे आचार चिनी भाषेत, कन्फ्यूशियसच्या पाच नात्यांच्या चौकटीत समजावून सांगितले. त्यात राजा-प्रजा हे नातंही येतं. एम.ए.च्या लघुप्रबंधाला यातला एकच माणूस भरपूर झाला.

आता भाषा. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी अरबी आणि चिनीला सुमारे २२०० तासांचा वर्ग धरते, फारसीला ११०० तासांचा. तुला फारसी त्याहूनही सोपी जाईल. क्रियापद शेवटी, लिंगभेद नाही, आणि बाबांच्या कचेरीतले निम्मे शब्द तिथलेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : चिनी आधी, आत्ताच, आणि फारसी दोन-तीन वर्षांनी. चिनीला तरुण डोकं आणि रोजचे तास लागतात, आणि पोटापाण्याला तीच आधी उपयोगी पडते. अरबीशिवाय इस्लामी विचार कसला, असं तुला कुणीतरी ऐकवेल. खिलाफतीच्या कायद्यावर लिहिणारा मावर्दी किंवा इब्न खल्दून मुळातून वाचायचे असतील तर त्याचं खरं आहे. पण निजाम-उल-मुल्क, बरनी, अली अकबर हे सगळे फारसीत लिहितात. तू फारसी बाजू धर, अरबी ग्रंथांना चांगली भाषांतरं वापर आणि तसं प्रबंधात स्पष्ट लिही. तिन्ही भाषा एकदम सुरू केलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी त्यांना तीन लिप्या वाचता येतात, ग्रंथ एकही नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. दिल्लीला जेएनयूमध्ये पूर्व आशिया आणि पश्चिम आशिया अशी दोन्ही अभ्यासकेंद्रं आहेत, शिवाय चिनी, फारसी, अरबी भाषांचीही. तुझ्या विषयासाठी एका आवारात एवढं सगळं सहसा मिळत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात पदवीनंतरचे चिनी भाषेचे सघन अभ्यासक्रम आहेत. शांतिनिकेतनचं चीन भवन १९३७ पासून चालू आहे. फारसीसाठी अलीगढ, जामिया, जेएनयू, आणि जवळ हवं असेल तर मुंबई विद्यापीठ. लिपीचं भय घालवायला राष्ट्रीय उर्दू परिषदेचा उर्दूचा डिप्लोमा सोलापुरात बसूनही करता येईल. चिनीची पायाभरणी झाली की तैवान सरकारच्या ह्वायू शिष्यवृत्तीला अर्ज कर. तिथे जुनी, न सुटसुटीत केलेली चिन्हंच चालतात, आणि तुझे ग्रंथ त्याच चिन्हांत आहेत. मेन्शियसची चिनी आजच्या बोलण्यातल्या चिनीपासून फार दूर आहे, ती वेगळी शिकावी लागते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे दुसऱ्या वर्षी रडू येणार नाही.

बाबा, आता तुमच्याशी. पोटाचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो गोड करून सांगणार नाही. ‘इस्लामी-चिनी तुलनात्मक राजकीय विचार’ या नावाची जागा भारतात निघत नाही. जागा निघतात त्या राज्यशास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या, चिनीच्या, फारसीच्या. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत हे चारही विषय आहेत. जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर सध्या सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर येत नाही. विद्यापीठाबाहेर चिनी येणाऱ्या माणसाला भाषांतर, कंपन्या, दिल्ली-मुंबईतल्या धोरण-अभ्याससंस्था अशी कामं असतात. भाषा आली आणि पीएच.डी. झाली नाही, तरी मुलगी कमावती राहील. पीएच.डी. झाली पण भाषा नाही, असं झालं तर मात्र मला काळजी वाटेल. म्हणून भाषेचा खर्च आधी करा.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर जगातली सर्वांत जुनी स्पर्धा परीक्षा हाच तिचा विषय आहे. चीनमध्ये ती सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कारकुनांकडून पुन्हा लिहवून घ्यायचे, आणि पास झालेल्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक द्यायचे नाहीत. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या नोकरभरतीला परीक्षा लावायचं ठरवलं तेव्हा चीनचा दाखला चर्चेत होता. त्याची दुसरी बाजूही आहे. आयुष्यभर ‘अटेम्प्ट’ देत म्हातारे झालेले तिथे हजारोंनी होते. त्यातला वारंवार नापास झालेला एक उमेदवार, हुंग श्यूछ्वान, यानं पुढे तायपिंग बंड उभं केलं. ते १८५० ते १८६४ चाललं आणि त्यात कोट्यवधी माणसं मेली. तुमची मुलगी बंड करणार नाही, पण मन नसताना तिला चार वर्षं अभ्यासिकेत बसवू नका.

तरी ती यूपीएससी देणारच असेल, तर एक जाणून घ्या. तिथल्या राज्यशास्त्र ऐच्छिकाच्या अभ्यासक्रमात प्लेटो ते हाना आरेंट आहेत, धर्मशास्त्र, अर्थशास्त्र आणि बौद्ध परंपरा आहे, सर सय्यद अहमद खान आहेत, पण मेन्शियस नाही आणि इब्न खल्दूनही नाही. तिचा हा अभ्यास त्या परीक्षेला थेट कामाचा नाही, दोन्ही एकदम होणार नाही. परराष्ट्र सेवेत निवड झाली तर मात्र चिनी किंवा फारसी येणं निश्चित कामाला येतं.

पाहुण्यांचं फार मनावर घेऊ नका. अगदीच कुणी मागे लागलं तर देवगिरीच्या लुटीची गोष्ट सांगा. आपल्या मराठेशाहीचे कितीतरी कागद फारसीत आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन ते पाहता येतात, आणि ती भाषा वाचणारी तरुण माणसं महाराष्ट्राला हवी आहेत. मुलीला मात्र एक ताकीद. या विषयात कुणाचा हिशेब चुकता करायला येऊ नकोस, कुणाची वकिली करायलाही नको. अल-मामूनवरून आजच्या इराणबद्दल आणि हुंगवूवरून आजच्या बीजिंगबद्दल निकाल देणारे लेख रोज निघतात. त्यात तुझी भर नको.

पुढच्या सहा महिन्यांत एवढं कर. चिनीचा ऑनलाइन वर्ग लाव, रोज तास-दीड तास. मेन्शियस आणि निजाम-उल-मुल्क यांच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं संपूर्ण वाच, सारांश नकोत. ‘नाही कोण म्हणतं’ हा प्रश्न पटला तर त्यावर दोन पानं लिहून मला पाठव. नाही पटला तर तुझा प्रश्न पाठव, मला जास्त आनंद होईल. केंद्रीय विद्यापीठांच्या एम.ए. प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे सीयूईटी-पीजीचे, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात.

आणि बाबा, नॉन-क्रीमिलेअर लागू होत असेल तर केंद्रीय विद्यापीठांना ते केंद्राच्याच नमुन्यात लागतं. राज्याचं दाखवलं तर प्रवेशाच्या दिवशी परत पाठवतात. ते कुठल्या टेबलावरून कधी निघतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तेव्हा वेळेत काढून ठेवा.